एचएल टॉरी आणि ‘अंदाजपंचे’ काढलेली गती

चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या अल्मा दुर्बिणीने 2014 साली टिपलेलं एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याचं चित्र अनेकांनी पाहिलं असेल: नारिंगी कडी, मधे काळ्या फटी. त्यासोबत फिरणारा दावा असा, की हा फोटो नाहीच, कॉम्प्युटरवर रंगवलंय. आणि 450 प्रकाशवर्षांवर, ताऱ्याभोवतीच्या धूळ-वायूच्या चकतीत, वायू कसा फिरतो हे इथे बसून कुणाला कळणार? शिवाय वायू तर ताऱ्यात पडतो, फिरेल कशाला?

रंगापुरतं बरोबर आहे. नारिंगी नंतर दिला. अल्माने टिपलेल्या लहरी साधारण मिलिमीटरभर लांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यांचा ‘खरा रंग’ आणायचा कुठून? उजेड-अंधार मात्र मोजलेला आहे. अनेक अँटेनांचे संकेत जुळवून प्रतिमा तयार करणं आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतही चालतं.

गतीबद्दल मात्र दावा साफ चुकतो. ते चित्र धुळीचं आहे, त्यावरून वेग कुणी काढलेलाच नाही. वेग कळतो वायूतल्या रेणूंवरून. वायू बहुतांश हायड्रोजन, पण थंडीत त्याचा रेणू जवळपास गप्पच असतो, म्हणून कार्बन मोनॉक्साइडला विचारायचं. त्याची एक वर्णरेषा (म्हणजे रेणू ज्या ठरावीक वारंवारतेच्या लहरी सोडतो ती खूण) 230.538 गिगाहर्ट्झवर असते, हे प्रयोगशाळेत पक्कं ठरलेलं आहे. वायू सेकंदाला 1 किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असेल तर हा आकडा सुमारे 0.77 मेगाहर्ट्झने वाढतो, दूर जात असेल तर तेवढाच घटतो. अल्माला याहून कितीतरी बारीक फरक ओळखता येतो. अंतरामुळे संकेत क्षीण होतो, हा फरक पुसला जात नाही. चकतीची एक बाजू जवळ येताना दिसते, दुसरी लांब जाताना. आणि ताऱ्यापासून चौपट अंतरावर वेग निम्मा होतो. ग्रहांना लागू असलेला केप्लरचा नियमच हा. अंदाजपंचे रंगवून एवढी शिस्त येते होय?

हां, मोजता येतो तो फक्त आपल्या दृष्टिरेषेतला वेग. चकती अगदी समोरून दिसली असती तर फिरणं जवळजवळ लपलं असतं. एचएल टॉरीची सुमारे 47 अंश कललेली आहे, म्हणून जमतं. (काळ्या फटींत ग्रहच आहेत असं ठासून सांगणारेही घाई करतात, पण तो वेगळा वाद.)

राहिलं पडणं. वायू पडतो, पण मुळातलं फिरणं सोबत घेऊन. म्हणून तर चकती बनते. आणि सगळा आत जातही नाही. एचएल टॉरी ज्या एल1551 ढगात आहे, त्यातल्याच दुसऱ्या एका कोवळ्या ताऱ्यापासून दोन विरुद्ध दिशांना उसळणारा वायू 1980 मध्येच दिसला होता. तोही कार्बन मोनॉक्साइडच्याच वर्णरेषेत, अल्मा अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी.