लाल लॉकटाइट आणि डब्ल्यूडी-४०: एक खुलासा

लाल लॉकटाइट (लॉकटाइट कंपनीचा थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून त्याच्या आट्यांना लावायचा द्रव) लावलेला स्क्रू डब्ल्यूडी-४० (अडकलेले भाग सोडवायला फवारतात ते पातळ तेल) मारून रात्रभर ठेवला की सकाळी हाताने फिरतो, असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. असं तेल गंजलेल्या स्क्रूला उपयोगी पडतं. पण थ्रेडलॉकर म्हणजे गंज नव्हे. हवा न मिळता धातूच्या सान्निध्यात तो आट्यांमध्ये घट्ट होऊन प्लॅस्टिकसारखा बनतो. त्यात तेल शिरायला जागाच उरत नाही, आणि शिरलं तरी ते तेल त्याला विरघळवत नाही.

त्याला नमवते उष्णता. लॉकटाइट २७१ सारख्या लाल प्रकारासाठी साधारण २५० अंश सेल्सिअस लागतात, आणि स्क्रू गरम असतानाच फिरवायचा. थांबलात की पुन्हा घट्ट. बारीक स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवून धरणं सर्वांत सोयीचं. (आधी तेल मारलं असेल तर पुसून घ्या, नाहीतर धूर होतो, पेटूही शकतं.) जवळ बॅटरी, रबरी सील किंवा प्लॅस्टिक असेल तर उष्णता नकोच. पाना नेमक्या मापाचा हवा, डोकं गेलं की काम दुप्पट.

निळ्या लॉकटाइटला, म्हणजे २४२ किंवा २४३ ला, एवढा खटाटोप सहसा लागत नाही. तो साध्या पान्याने सुटतो. मात्र इतर कंपन्यांचे रंग याच अर्थाचे असतील असं नाही.