एक खोली आईसाठी

पहिली गोष्ट, मनाला लावून घेऊ नका. गिरगावातल्या 180 चौरस फुटांच्या खोलीत सात माणसं झाली की एकाने बाहेर पडायचंच असतं, आणि तो मान धाकट्याचा. थोरला चाळीतच राहतो. भाडेपावती वडिलांच्या नावावर आहे आणि रीडेव्हलपमेंट येत्या दिवाळीपर्यंत सुरू होणार आहे. कुठल्या दिवाळीपर्यंत, हे चाळीत विचारत नाहीत.

तेव्हा तुम्ही निघा. पण निघताना कारण नीट निवडा. 'आम्हाला जागा पुरत नाही' म्हणालात तर वहिनीचं तोंड दोन दिवस उतरलेलं राहील. 'मोठा हॉल हवाय' म्हणालात तर दादा विचारेल, हॉलमध्ये काय क्रिकेट खेळणार का? त्यापेक्षा सरळ सांगा, आईसाठी. चाळीस वर्षं तिने कपाट आणि शिलाई मशीन यांच्या मधल्या पट्टीत पाठ टेकलीय, तिला स्वतःची एक खोली नको? यावर कुणाला काही बोलता येत नाही. आईला तर मुळीच येत नाही, कारण तिला कुणी विचारलेलंच नसतं.

मग गाव ठरवा. डोंबिवली आधीच्या पिढीने संपवली. कल्याणला रूळ दोन दिशांना फुटतात, त्यातला कर्जतचा फाटा धरा आणि एक नियम लक्षात ठेवा: स्टेशन जितकं पुढचं, तितकी खोली जास्त. जेवढ्या पैशात डोंबिवलीत वन बीएचके बसतो, तेवढ्यात बदलापूरला टू. वांगणीला वर एक बाल्कनी, आणि नेरळला गेलात तर त्या बाल्कनीतून माथेरान. या शेलू-वांगणीच्या पट्ट्यातली घरं सरकारने गिरणी कामगारांनाही देऊ केली. त्यांनी 2025 साली आझाद मैदानावर जमून सांगितलं की आम्हाला मुंबईतच द्या. म्हाताऱ्या माणसांकडे दूरदृष्टी नसते, दुसरं काय.

मी स्वतः बदलापूर निवडलं. सुरतेच्या वाटेवर इथे घोडे बदलायचे म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. इथल्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे. गावाची एवढी माहिती असली की नातेवाइकांशी बोलताना बरं पडतं, कारण ते अंतरावरच येतात. अंतर किलोमीटरमध्ये कधीही सांगू नये. सीएसएमटी ते बदलापूर 68 किलोमीटर आहे. 1853 साली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ती 34 किलोमीटर, आणि त्यासाठी 21 तोफांची सलामी दिली होती. तुम्ही रोज बरोबर त्याच्या दुप्पट जाणार, परत येणार, आणि एक लवंगी फटाकासुद्धा वाजणार नाही. म्हणून मिनिटांत सांगा. तीही बिल्डरची मिनिटं. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' हे वाक्य लिहिणाऱ्याने नेमक्या कुठल्या वाहनाने ती पाच मिनिटं मोजली, हे मला नऊ वर्षांत कळलेलं नाही. शेअर रिक्षाला वीस लागतात, आणि चौथी सीट भरेपर्यंत ती हलत नाही.

सॅम्पल फ्लॅट बघायला मात्र सहकुटुंब जा. तिथला पलंग नेहमीच्या पलंगापेक्षा आखूड असतो, खोल्यांना दारं नसतात, भिंतभर आरसा असतो, आणि एसी इतका गार असतो की माणूस विचार करायचा थांबतो. कोपऱ्यातल्या नकाशावर मेट्रोची जांभळी रेघ तुमच्या सोसायटीच्या गेटला टेकलेली दिसेल. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रोला 14 हा आकडा मिळालाय, तेवढ्यावर समाधान माना. गिरगावात भुयारी मेट्रो आली ती 2025 च्या ऑक्टोबरात, म्हणजे तुम्ही गिरगाव सोडल्यावर. मेट्रोसुद्धा गर्दी कमी व्हायची वाट बघत असावी.

माहितीपत्रकात 'रिव्हर व्ह्यू' असेल. त्यावर शंका घेऊ नका. 2019 च्या 27 जुलैला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. नदी दिसते म्हणजे दिसतेच.

घर बायकोच्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्कात एक टक्का सुटतो. कर्ज वीस वर्षांचं घ्या. इथवर सगळे हिशेब करतात. पुढचा करत नाहीत, तो मी केलाय.

घरातून सकाळी सहा पन्नासला निघालात की फोर्टातल्या ऑफिसात नऊला पोचता, गाडीची कृपा असेल तर. जाऊन-येऊन चार तास धरा. महिन्याचे पंचवीस दिवस धरले की झाले शंभर तास. वर्षाचे बाराशे, म्हणजे पन्नास दिवस, रात्रीसकट. कर्ज फिटेपर्यंत हजार दिवस. तर तुमच्या मालकीच्या दोन वास्तू झाल्या. एक 650 चौरस फुटांची, तिथे तुम्ही झोपता. दुसरी लोकल, तिथे तुम्ही जागे असता. दुसरीचं क्षेत्रफळही काढता येतं. रेल्वेचा स्वतःचा शब्द आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड', म्हणजे एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. भागाकार केलात तर माणशी जेमतेम पाऊण चौरस फूट येतो. हा निव्वळ कार्पेट एरिया, यात बिल्डरची फसवणूक नाही. चाळीत 180 फुटांत सात जण होतो तेव्हा माणशी पंचवीस फूट मिळायचे आणि आपण त्याला कोंडवाडा म्हणत होतो.

खिडकी मिळेल ही आशा ठेवू नका. गाडी बदलापूरहून सुटते खरी, पण अंबरनाथची माणसं उलटी बसून आधीच बदलापूरला आलेली असतात. तुमच्या स्टेशनातून, तुमच्या गाडीत, तुम्ही उभे. पण डब्यासारखं दुसरं घर नाही, हे मी मनापासून सांगतो. ग्रुप जमला की वाढदिवसाला केक कापला जातो, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं तर पेढे डब्यातच वाटतात. भजन असतं. लेडीज डब्यात संध्याकाळी मेथी निवडून होते. दसऱ्याला डब्याला तोरण बांधून पूजा होते. घराला तोरण बांधायचं राहून जातं, कारण त्या दिवशीही सहा पन्नासलाच निघायचं असतं.

आता आईची खोली.

ही खोली लावताना हात आखडू नका. पूर्वेची खिडकी, स्वतंत्र पंखा, भिंतीत देव्हाऱ्याचा कोनाडा, गुडघ्यांना सोसेल अशी उंच कॉट आणि तिच्यावर चांगली सहा इंची गादी. गादीवरचं प्लास्टिक काढू नका. आई येईपर्यंत धूळ बसेल. आई वास्तुशांतीला येते, खोली बघते, गादी दाबून बघते, प्लास्टिक कुरकुरतं, आणि ती म्हणते, छान आहे हो, किती उजेड! मग संध्याकाळी दादाबरोबर परत जाते, कारण दुसऱ्या दिवशी चाळीत कुणाचं तरी डोहाळजेवण असतं. चाळीत नेहमीच कुणाचं तरी काही तरी असतं.

पुढच्या वेळी चार दिवसांसाठी येते. दुसऱ्या रात्री दोन वाजता हॉलमध्ये बसलेली सापडते. झोप का नाही, तर आवाज नाही. कुणी खोकत नाही, नळ गळत नाही, वरचा माणूस उशिरा येऊन चपला फेकत नाही. दिवसा तुम्ही दोघं कामावर, नातू आधी शाळेत आणि मग पाळणाघरात. पाळणाघर का? कारण आजी गिरगावात. आजी गिरगावात का? कारण दिवसभर घरात कुणी नसतं. हा प्रश्न फार वेळ फिरवत बसू नये, चक्कर येते. तिसऱ्या दिवशी तिने दार उघडं ठेवून बाहेर खुर्ची टाकली तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला: 'सी विंग, कॉमन पॅसेज में सामान ना रखें.' सामान म्हणजे आई.

ती गेल्यावर खोली रिकामी ठेवू नका. आधी इस्त्रीचे कपडे ठेवा, मग सुटकेसी, मग टीव्हीचं खोकं, वॉरंटीसाठी लागतं म्हणून. व्यायामाची सायकल आली की खोली पूर्ण झाली असं समजा. तिला 'आईची खोली'च म्हणत राहा. 'अरे, प्रेस कुठाय?' 'आईच्या खोलीत.'

भेटीगाठींची काळजी नको, रविवार आहे ना. रेल्वेलाही हे ठाऊक असल्यामुळे ती रविवारीच मेगाब्लॉक घेते. माटुंगा-मुलुंड जलद मार्गावर ब्लॉक आहे, गाड्या उशिराने धावतील, प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगिरी. तुम्ही बाराला निघता, दादरला पूल ओलांडून चर्चगेटची स्लो पकडता, चर्नी रोडला उतरता आणि तीनला चाळीत पोचता. सगळे जेवून आडवे झालेले असतात. आई ताट झाकून बसलेली असते. पाचला तुम्ही घड्याळ बघायला लागता. निघताना ती पिशवीत मसाला, कुळथाचं पीठ आणि आमसुलं भरते, जणू बदलापूरला दुकानं नाहीत. नाही म्हणू नका, पण ती पिशवी परतीच्या गाडीत रॅकवर विसरू नका. मी दोनदा विसरलोय.

गणपतीच्या वेळी एक चूक करू नका. मी केली. म्हटलं, एवढा मोठा हॉल आहे, यंदा गणपती आमच्याकडे आणू. घरात अशी शांतता पसरली की जणू मी मूर्तीच खाली टाकली. केशवजी नाईक चाळीत 1893 पासून गणपती बसतो, तिथून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला बाप्पाला कल्याणच्या पुढे नेतो म्हणणं म्हणजे काय, हे मला वहिनीने सांगितलं, आणि वहिनी मूळची डोंबिवलीची आहे. तर गणपती तिथेच राहिला. त्या 180 फुटांत दरवर्षी सव्वीस माणसं तीन पंगतींत जेवतात, चौथी पंगत गॅलरीत. आमच्या हॉलमध्ये एल आकाराचा सोफा आहे. त्यावर आठ जण बसू शकतात असं दुकानदार म्हणाला होता. अजून खात्री करायची राहिलीय.

रात्रीच्या फोनबद्दल थोडक्यात सांगतो. तो साधारण दीड वाजता येतो. लोकल रात्री एकच्या सुमाराला थांबतात, पहाटे चारच्या सुमाराला सुरू होतात, आणि आईच्या छातीत नेमकं मधेच दुखतं. दादा नाईट ड्यूटीला असतो. अशा वेळी घाबरू नका, कारण करण्यासारखं काही नसतं. चाळीतली दोन मुलं तिला खुर्चीवर बसवून जिना उतरवतात, तिसरा टॅक्सी थांबवतो, समोरच्या काकू सोबत जातात, आणि तुमच्या मोबाईलवर दर दहा मिनिटांनी 'सगळं ठीक आहे, तू सावकाश ये' येत राहतं. तुम्ही पहिल्या गाडीने पोचता. त्या गाडीत खिडकी मिळते.

पण फायदेही आहेत, ते सांगायला हवेत. चाळीतलं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे लोक सहज येतात. हातात वाटी नाही, निरोप नाही, नुसतं, 'सहज आले.' आत्या सहज येते, मावशी देवळातून परतताना सहज येते, शेजारचा आजोबा तर रोज संध्याकाळी सहज येऊन पेपर वाचतो. बदलापूरला हा त्रास पूर्ण संपतो. इथे 68 किलोमीटरवर येणारा माणूस आठ दिवस आधी फोन करतो, येताना मिठाई आणतो, आणि दर अर्ध्या तासाने विचारतो की परतीची फास्ट कितीला आहे. तुम्हीही सोफ्यावरची इस्त्री उचलून ठेवता. दोन्ही बाजूंना शिस्त लागते.

आईला मात्र गेटचं आधी शिकवून ठेवा. आमच्याकडे वॉचमनपाशी वही असते. नाव, फ्लॅट नंबर, मोबाईल, गाडी नंबर, आणि शेवटचा रकाना 'येण्याचे कारण'. त्यात 'गेस्ट' लिहायचं, नाही तर 'डिलिव्हरी', म्हणजे प्रश्न येत नाहीत. मी सांगायला विसरलो. गेल्या श्रावणात एका मंगळवारी ती एकटीच आली, दादरला गाडी बदलून, अळूवड्यांचा डबा पदराखाली धरून. मी घरून काम करत होतो, मीटिंग चालू होती. खाली ती बराच वेळ पेन हातात धरून उभी होती म्हणे. मग तिने त्या रकान्यात लिहिलं, 'सहज'.

वॉचमनने इंटरकॉम केला. "साहब, एक आंटी आयी है. काम कुछ बता नहीं रही. भेजूं क्या?"