दहावीची मुलं मैदानावर का हवीत: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि रागावलेलीही. खाली दोन ओळी टाकून ती मिटवणं बरं दिसलं नसतं, म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दहावीच्या मुलांना गॅदरिंग, सामने, सहल यांतून जूनमध्येच वगळण्याची शाळांची रीत बंद व्हावी, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘ही पोट भरलेल्यांची हौस आहे. मार्क कमी पडले तरी पैसे भरून ज्यांचा प्रवेश होतो, त्यांच्या मुलांनी खुशाल नाचावं. आमच्या मुलीकडे मार्कांशिवाय काही नाही.’ शिवाय जादा गुणांसाठी प्रमाणपत्रं गोळा करणाऱ्यांचाही तुम्ही समाचार घेतलात.

मार्कांबद्दल वाद नाही. अकरावीची यादी दहावीच्या गुणांवर लागते, पॉलिटेक्निकचीही. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे तालुक्याच्या कॉलेजात ‘ओळखीनं होऊन जाईल’ हा भरवसाही उरला नाही. पण यातली हौस पैसेवाल्यांची आहे, हे मला मुळीच पटत नाही.

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. घरी पैसा असलेल्या मुलाचं शाळेतलं सगळं बंद केलं तरी त्याचं फारसं अडत नाही. संध्याकाळचं बॅडमिंटन चालू राहतं, तबल्याचा क्लासही चालू राहतो, फार तर आठवड्यातले दोन दिवस कमी होतात. शाळेच्या पटांगणाशिवाय ज्याला पटांगण नाही, त्याचं मात्र जूनमध्ये थांबतं ते कायमचं. सहलीचंच बघा. एसटी शालेय सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देते, म्हणून आमच्याकडची कितीतरी मुलं पहिल्यांदा समुद्र बघतात ती शाळेच्या सहलीत. दहावीला सहल नाही म्हटलं की मागच्या वर्षी पैशांअभावी राहिलेल्याची तीही संधी गेली.

तुमची मुलगी नववीपर्यंत खो-खो खेळायची, असं तुम्हीच लिहिलंय. मग हे तुमच्या लक्षात येईल. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. माध्यमिक शाळेचा मोठा संघ म्हणजे सतरा वर्षांखालचा, म्हणजेच प्रामुख्यानं नववी-दहावीचा. खो-खोत मैदानात नऊ जणी लागतात. दहावीच्या काढून घेतल्या की नववीच्या चार-पाच उरतात, मग आठवीतल्या घालून कसाबसा संघ उभा राहतो आणि तालुक्यालाच पहिल्या फेरीत घरी येतो. पुढच्या वर्षी मुख्याध्यापक म्हणतात, ‘आपल्या मुलींना कुठे जमतं?’ सर्वांत जास्त सराव झालेल्या मुलींनाच बाहेर बसवून हा निष्कर्ष काढलेला असतो!

मुलींच्या बाबतीत एक अडचण तुम्ही मांडली नाहीत, पण ती खरी आहे. गावागावातल्या मुलींना शाळेत मोफत ने-आण करणाऱ्या, मानव विकास योजनेच्या निळ्या एसटी गाड्या शाळा सुटायच्या वेळेला लागतात. शाळा सुटल्यावर सराव ठेवला आणि गाडी चुकली, तर मुलीनं घरी जायचं कसं? म्हणून ‘दहावीच्या मुलींना थांबवू नका’ असं पालक म्हणतात तेव्हा मी त्यांना दोष देत नाही. यावर उपाय एकच, सराव शाळेच्या वेळेत घ्यायचा. त्यासाठी तास आहेतही. वेळापत्रकात पीटी असते, चित्रकला असते. प्रत्यक्षात दिवाळीनंतर त्या तासांना गणित आणि विज्ञानाचे सर वर्गात येतात. माझा तास कुणी मागितला तर मी देतो, नाही म्हणायची सोय नसते. (हे वाचून स्टाफरूममध्ये काय होईल ते होवो.)

आता जादा गुण. इथे मी तुमच्यापेक्षाही पुढे जाईन. शासकीय रेखाकला परीक्षेत इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण मिळतात, ब ला ५ आणि क ला ३. खेळाला, शास्त्रीय कलेला, लोककलेलाही गुण आहेत. त्यात सहापैकी उत्तम पाच विषय धरायची पद्धत. २०२५ च्या निकालात राज्यात २११ मुलांना शंभर टक्के मिळाले, ते या सगळ्याच्या बेरजेतून. गुण सुरू झाल्यावर चित्रकलेच्या शिक्षकाला पालकसभेत खुर्ची मिळाली, हे मी नाकारत नाही. पण झालं काय, तर मुलं आठवीत एलिमेंटरी देतात, नववीत इंटरमिजिएट आणि निकाल लागला की ब्रश धुऊन ठेवतात तो ठेवतातच. वस्तुचित्रात छाया-प्रकाश नुकता कुठे कळायला लागलेला असतो. ‘सर, माझे सात झाले’ एवढं सांगून पोरगं निघून जातं. दोन दिवसांच्या शिबिराचं लोककलेचं प्रमाणपत्र आणणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. पण हा दोष गुणांच्या हिशोबाचा आहे. त्याची शिक्षा कबड्डीला आणि नाटकाला का?

अभ्यासाला वेळ पुरत नाही, हा तुमचा शेवटचा मुद्दा. वेळ कमी झालाय खराच. २०२५ मध्ये बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली, पूर्वी ती मार्चमध्ये असायची. जानेवारीत पूर्वपरीक्षा, म्हणजे डिसेंबरचं गॅदरिंग अगदी तोंडावर येतं. म्हणून दहावीला महिनाभराच्या तालमी नकोत, हे मलाही मान्य आहे. एखादं छोटं नाटुकलं, निवेदन, रांगोळी एवढं पुरे. सामने मात्र बहुतेक तालुक्यांत दिवाळीच्या आधीच उरकतात. तेवढ्यासाठी जूनपासून मैदानाला कुलूप लावण्याचं कारण मला दिसत नाही.

येत्या पालकसभेत एक करा. दहावीचं वेळापत्रक मागून घ्या आणि त्यातले पीटीचे तास खरोखर कुठे होतात ते विचारा. वर्गशिक्षकांना नको, मुख्याध्यापकांना विचारा. वर्गशिक्षकांच्या हातात ते नसतं.