चित्रे विकून फी कमी करा म्हणणाऱ्या आपल्या माणसांसाठी

आज दुपारी वॉल्थमला ब्रँडाइस विद्यापीठाच्या आवारातल्या रोझ आर्ट म्युझियममध्ये आमच्याबरोबर आलेल्या एका स्नेह्यांनी जो प्रश्न विचारला, तो ऐकल्यापासून माझे डोके ठिकाणावर नाही. लिहून टाकल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावे.

प्रसंग तसा साधाच आहे. आमची मुलगी आणि त्यांचा मुलगा दोघेही पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार, त्यामुळे बॉस्टनच्या आसपासची विद्यापीठे पाहत हिंडणे हा सध्या दोन्ही घरांचा सुट्टीचा उद्योग होऊन बसला आहे. वाचनालय पाहिले, वसतिगृह पाहिले, प्रयोगशाळा काचेतून पाहिल्या, शाकाहारी जेवणात काय मिळते याची सविस्तर चौकशी झाली. मग मुलांनीच म्युझियमचे नाव काढले आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत हे कळल्यावर आम्हा मोठ्यांचाही विरोध मावळला. आत जाऊन पाच मिनिटे झाली नसतील, तोच आमच्या स्नेह्यांनी दालनात देखरेखीला उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला विचारले, "यातले सर्वांत महागडे चित्र कोणते?" तिने हसून आपल्याला ठाऊक नाही म्हणून सांगितले. त्यावर हे माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "कोट्यवधींचा माल भिंतीला टांगून ठेवलाय आणि फी बघा केवढी! विकून टाका म्हणावं यातली चार चित्रं आणि द्या पोरांना सवलत."

वहिनी बरोबर होत्या, मुले होती, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. आता बसणार नाही.

मुळात ही कल्पना आमच्या स्नेह्यांना प्रथमच सुचलेली नाही. ज्या संग्रहाकडे पाहून ते बोलत होते, तो विकायचा आणि म्युझियमच बंद करायचे असा ठराव खुद्द या विद्यापीठाच्या विश्वस्तांनी जानेवारी २००९ मध्ये एकमताने केला होता. मंदीने विद्यापीठाची गंगाजळी आटली होती, मॅडॉफ या न्यूयॉर्कच्या गुंतवणूक-व्यावसायिकाच्या घोटाळ्यात मोठे देणगीदार पोळले होते आणि संग्रहाची किंमत पस्तीस कोटी डॉलरच्या घरात जाते असा अंदाज होता. मग काय, संचालकांना विश्वासात न घेता परस्पर निकाल लावून मोकळे झाले. गंमत अशी की त्या सभेत बसलेली सगळी माणसे शिकलेली होती, यशस्वी होती, हिशेबाला पक्की होती. आमच्या स्नेह्यांसारखीच. अडचणीच्या काळात आजीच्या पाटल्या मोडायला काढाव्यात, इतक्या सहजपणे त्यांनी ते ठरवले, आणि पाटल्या आजीच्या आहेत, आपल्या नव्हेत, याची आठवण दुसऱ्यांना करून द्यावी लागली. विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, कलाजगतातून टीकेचा भडिमार झाला, आणि ज्या रोझ कुटुंबाच्या देणगीतून म्युझियम उभे राहिले त्या कुटुंबातल्या एका बाईंसह म्युझियमच्या सल्लागार मंडळातले तिघे जण थेट न्यायालयात गेले. २०११ च्या जूनमध्ये तडजोड होऊन विद्यापीठाने विक्रीचा विचार सोडला आणि त्याच वर्षी शरदात म्युझियमने नूतनीकरण केलेल्या दालनांत आपली पन्नाशी साजरी केली. आज आम्ही फुकटात आत शिरलो ते या भांडणाच्या पुण्याईवर.

आणि हा तथाकथित माल आला कसा, तेही ऐका. ब्रँडाइसची स्थापना १९४८ ची. अमेरिकेतली नामवंत विद्यापीठे ज्यू विद्यार्थ्यांची संख्या गुपचूप मर्यादित ठेवत होती, त्या काळात सर्वांना दार उघडे ठेवणारे विद्यापीठ हवे म्हणून ज्यू समाजाने पैसे उभे करून ते काढले. अवघ्या तेरा वर्षांच्या त्या संस्थेने १९६१ मध्ये म्युझियम उघडले. पुढे सॅम हंटर या पहिल्या संचालकांच्या हाती एका दांपत्याने पन्नास हजार डॉलरची देणगी ठेवली. हंटर न्यूयॉर्कला गेले आणि एका चित्राला पाच हजारांच्या वर द्यायचे नाही अशी मर्यादा घालून त्यांनी एकवीस कलाकृती घेतल्या. त्यात पुढे गाजलेले अमेरिकन चित्रकार होते: लिक्टेनस्टाइन होता, जॅस्पर जॉन्स होता, राउशेनबर्ग होता. ही मंडळी तेव्हा तरुण होती, त्यांच्या कामाला हसणारेही पुष्कळ होते. कोणी तरी त्या वेळी, किंमत वाढेल की नाही याची खात्री नसताना, आपल्या काळात काय रंगवले जात आहे ते आपल्या विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहावे एवढ्यासाठी ती चित्रे घेतली. आज त्यांची किंमत वाढली म्हणून ती विकावीत, असे म्हणणे म्हणजे हंटरच्या नजरेला शिक्षा करण्यासारखे आहे.

त्या मुलीबद्दलही सांगायचे राहिले. आमचे स्नेही पुढच्या दालनात गेल्यावर मी तिला, का कोण जाणे, सॉरी म्हटले. ती म्हणाली, असे विचारणारे पुष्कळ येतात. ती स्वतः जीवशास्त्राची. पहिल्या वर्षी कुठल्याशा लेखनाच्या वर्गाला शिक्षकांनी इथे आणून सगळ्यांना एकाच चित्रासमोर तासभर बसवले आणि जे दिसते तेवढेच लिहा, जे वाटते ते लिहू नका, अशी ताकीद दिली. "पेशी बघताना आता तेच करते," असे म्हणून ती पुन्हा आपल्या जागी जाऊन उभी राहिली. आता या तासाची किंमत कोणत्या लिलावात लागते, ते आमच्या स्नेह्यांनी मला सांगावे. प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक विकून फी कमी करा, असे ते म्हणाले नसते. तिथे मात्र काचेला नाक लावून कौतुकाने पाहत होते.

विकणारे विकतातच. व्हर्जिनियातल्या रँडॉल्फ कॉलेजने जॉर्ज बेलोज या अमेरिकन चित्रकाराचे गोदीकामगारांचे चित्र २०१४ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीला अडीच कोटी डॉलरहून अधिक किमतीला दिले. इंडियानातल्या व्हॅल्परायझो विद्यापीठाने २०२३ मध्ये जॉर्जिया ओकीफ या नामवंत चित्रकर्तीचे निसर्गचित्र विकायला काढले, ते वसतिगृहाची डागडुजी करण्यासाठी! वसतिगृह नीट हवे, हे मलाही मान्य आहे. पण दुरुस्ती वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा काढावी लागते आणि तेव्हा विकायला ओकीफ शिल्लक नसते.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करते, नाही तर कॉमेंटमध्ये कोणी तरी आणून आदळेलच. आपल्या हुसेनचे 'ग्रामयात्रा' ऑस्लोच्या एका रुग्णालयात वर्षानुवर्षे होते, ते मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एकशे अठरा कोटी रुपयांना गेले आणि पैसे डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला द्यायचे ठरले. त्याला मी नावे ठेवणार नाही. रुग्णालयाचे काम रुग्ण बरे करणे हे आहे. विद्यापीठाचे काम पाहायला शिकवणे हे आहे, आणि फरक आहे तो इथेच.

हुसेनचे नाव निघालेच आहे, तर आपल्या मुंबईचेही सांगते, कारण "हे सगळे अमेरिकन चोचले" असे कोणी म्हणू नये. कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींवर हुसेन आहेत, गायतोंडे आहेत, आरा आहेत, हेब्बर आहेत. होमी भाभांनी नेहरूंची संमती घेऊन संस्थेच्या पैशातला एक टक्का चित्रांसाठी राखला. देश नुकता उभा राहत होता, परकीय चलनाची चणचण होती, तेव्हा हा माणूस गणितज्ञांच्या वाटेत चित्रे टांगत होता. गायतोंडे तेव्हा स्वस्तात मिळत होते; २०१५ मध्ये त्यांचे एक चित्र मुंबईच्या लिलावात एकोणतीस कोटींच्या वर गेले. भाभांनी गुंतवणूक म्हणून घेतली होती का ती? आणि आमचे हेच स्नेही, संस्थेचे नाव निघाले की भाभांच्या दूरदृष्टीवर तासभर बोलू शकतात.

इतके लिहून झाल्यावर राग थोडा उतरला आहे. माणूस वाईट नाही. मुलाच्या शिक्षणाचा आकडा बघून पोटात गोळा येतो तो आमच्याही येतो, आणि वसतिगृह, जेवण धरून वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलर भरायची वेळ आली की भिंतीवरचे सगळेच माणसाला आपल्या फीतून आल्यासारखे दिसू लागते. चाळीत वाढलेल्या, शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाला कोणी कधी चित्रासमोर बसवले होते? मलाही नव्हते बसवले. आमच्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या बाईंचा राहिलेला पोर्शन पुरा करायची हक्काची जागा. तरीही, आपल्याला मिळाले नाही म्हणून मुलांसमोरचेही काढून घ्या, हे मला पटणार नाही.

मुलांचे काय झाले, तेही लिहायला हवे. म्युझियमसमोर ख्रिस बर्डन या शिल्पकाराचे 'लाइट ऑफ रीझन' आहे: व्हिक्टोरियन काळातले चोवीस जुने रस्त्यावरचे दिवे, दारापासून तीन रांगांत पसरत गेलेले, आणि बसायला काँक्रीटची बाके. आमच्या मुलीने शंभर फोटो काढले, ते अपेक्षितच होते. त्यांचा मुलगा, जो एरवी मान वर करत नाही, तो मार्क डायन या कलावंताने रचलेल्या लाकडी भिंतींच्या खोलीत रमला. १९६१ सालच्या एखाद्या हौशी संग्राहकाची बैठक असावी तशी ती खोली आहे. तो एकेक वस्तू वाकून पाहत होता आणि बाहेरून वडिलांनी पार्किंगची वेळ संपत आल्याची हाक दिल्यावर "बाबा, पाच मिनिटं" एवढेच म्हणाला. मग बाबा बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मला वाटले तिथे तरी दिव्यांची किंमत विचारतील, पण नाही, फोनवर कोणाला तरी तीन रांगा मोजून दाखवत होते.

पुढच्या महिन्यात आम्ही न्यू हेवनला येल पाहायला जाणार आहोत. तिथली आर्ट गॅलरीही विनामूल्य आहे, आणि तिची १९५३ ची इमारत वास्तुविशारद लुई कान यांची, ज्यांनी पुढे अहमदाबादचे आयआयएम बांधले. तेव्हा एमबीएवाल्यांनीही नाके मुरडायचे कारण नाही. विद्यापीठाची टूर दीड-दोन तासांत आटोपते, गॅलरीला मात्र अख्खी दुपार राखून ठेवली आहे. आमच्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. कोणाची मुले यायची असतील तर इनबॉक्समध्ये कळवा, आईवडील घरी राहिले तरी चालतील.