दोनच धरतो

काल माझ्या जीपचा भाव ठरला. तीस रुपये किलो. मी गाडी विकायला काढली नव्हती, कुणी घ्यायला आलं नव्हतं, तरी भर गॅरेजात चार माणसांदेखत भाव ठरला. त्याचंही एक वेळ काही नाही. पण त्या चारांपैकी एकालाही तो कमी वाटला नाही, हे अजून डोक्यातून जात नाही.

आधीची कथा उरकून टाकतो. गाडी सीजे ३बी. अमेरिकेच्या विलिज कंपनीने हा नमुना १९५३ साली काढला. नवं इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. अमेरिकेत तो १९६८ला बंद झाला, आपल्याकडे महिंद्रांनी पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवला. चारही चाकांना नऊ इंची ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, पेडलचा दाब तेलात ढकलणारा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, पत्र्याच्या खाली, आणि तेलाचं सर्किट चौघांत एकच. म्हणजे एका चाकाकडची नळी गळली की चारही चाकं एकमताने ब्रेक नाकारणार. पावसात ताम्हिणी घाट उतरताना ब्रेक मारला की गाडी उजवीकडे, समोरून येणाऱ्या एसटीच्या भेटीला निघायची. खोलून बघितलं तर डाव्या नकलच्या, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्याच्या, गोळ्यावर गंजाचे खड्डे, त्यावर घासून मोठं सील फाटलेलं, हबचंही सील गेलेलं आणि ड्रमला घासून चाक थांबवणारे लायनर गिअर ऑइलने न्हालेले, म्हणजे डावं चाक धरतच नव्हतं. जुन्या गिअर ऑइलचा तो गंधकाचा वास कपड्यांतून दोन धुण्यांत जात नाही. घरी त्यावर स्वतंत्र बोलणं झालं.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, पुढचा एक्सल पूर्ण करून घ्या. आणि करतोच आहोत तर डिस्क ब्रेक टाकू."

करतोच आहोत तर! डिस्क टाकली की मास्टर बदलणं आलं, कारण जुना मास्टर ड्रमसाठी नळीत थोडा दाब राखून ठेवतो. तोच दाब डिस्कच्या पॅडना सोडत नाही आणि घाटात चाक तापतं. मास्टर बदलतोय तर टँडम, म्हणजे दोन सर्किटांचा घ्या, म्हणजे पुढची नळी फुटली तरी मागची चाकं धरतील. टँडम घेतला तर बूस्टर हवा. बूस्टरला व्हॅक्यूम हवा. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने डिझेल इंजिन बसवलेलं, डिझेलला मॅनिफोल्डमधून तेवढी ओढ मिळत नाही, म्हणून शेपटीला व्हॅक्यूम पंप असलेला आल्टरनेटर हवा. पुढच्या चाकातून निघालेला खर्च इंजिनाला वळसा घालून आल्टरनेटरपर्यंत पोचला, तेव्हा मी चहा मागवला. मिस्त्रींनी तो माझ्या हिशेबात लिहिला.

सामानासाठी नाना पेठेत गेलो. तिथे एका दुकानात किंगपिनची, म्हणजे नकल ज्यांवर फिरतो ती, बेरिंगं तीन जातींची निघाली: ओरिजनल, ओरिजनलसारखी आणि "ओरिजनलच समजा". तिन्हींची खोकी एकसारखी. मी ओरिजनल घेतली. खोक्यावरचा होलोग्राम इतका चकाकत होता की आतल्या बेरिंगपेक्षा त्याच्यावरच जास्त खर्च झाला असावा. बिल मागितलं तर दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची कुंडली मागितली.

असो. मुख्य गोष्ट भंगारवाल्याची आहे.

त्याचा प्रवेश असा झाला. जीप घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवायच्या आधी मिस्त्रींचा पोऱ्या डाव्या चाकाचे नट सोडवत होता. पान्याला पाइप लावून त्यावर उभा राहून नाचत होता आणि नट काही हलत नव्हता. रस्त्यावरून हातगाडी चालली होती. ती थांबली आणि आवाज आला, "उलटा फिरव रे. डाव्या अंगाला उलटे आटे असतात."

खरंच असतात. ह्या जुन्या जीपना डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचेच. पोऱ्याने उलटा जोर लावला, नट सुटला. मिस्त्रींनी कौतुकाने विचारलं, "मामा, जीपचं काम केलंय वाटतं?"

"काम कशाचं? लई तोडल्यात."

तेव्हापासून मामा रोज त्या वेळेला येऊ लागले. हातगाडी दारात उभी करायची, उलट्या बादलीवर बसायचं आणि निघालेल्या प्रत्येक वस्तूची जात सांगायची. "ही बिड. हे पोलाद. हा नुसता पत्रा, त्यात बी निम्मी लांबी." लांबी म्हणजे बॉडीचे खड्डे बुजवायला भरतात ती. ही लांबी भरण्याचे मी गेल्या वर्षी सणसणीत पैसे दिले होते.

काल किंगपिनवर काम आलं. नकल वर-खाली दोन बेरिंगांवर फिरतो, आणि ती किती आवळायची हे टोपीखालच्या शिमवर ठरतं. पातळ पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. चकती काढली की घट्ट, घातली की सैल. सैल राहिलं तर साठच्या वेगाला स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं, जास्त घट्ट झालं तर वळणानंतर स्टिअरिंग आपण होऊन सरळ येत नाही. हे मोजायची रीत म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा टायरॉड सोडायचा, सील काढायचं, नकलच्या हाताला ताणकाटा अडकवायचा आणि नकल फिरायला किती किलो ओढ लागते ते वाचायचं. मिस्त्रींना हवी होती सव्वादोन किलो. मिस्त्रींचा ताणकाटा कुणीतरी मासे मोजायला नेला होता, तो परत आला नव्हता.

सगळ्यांनी एकदमच मामांकडे पाहिलं.

"काटा हातचा जात नाही," मामा म्हणाले. "लक्ष्मी आहे."

मग मामाच बादलीवरून उठले, हूक अडकवला आणि ओढू लागले. मिस्त्री खाली बसून, पोऱ्या शिम घेऊन तयार, मी बॅटरी धरून.

"किती?"

"सव्वादोन," मामा म्हणाले, आणि त्याच श्वासात, "दोनच धरतो."

"मामा, धरायचं नाहीये! आहे ते सांगा!"

"सांगितलं की. सव्वादोन. पावशेर घटीत जातं."

मिस्त्रींनी कपाळावरचा घाम ग्रीसच्या हाताने पुसला. इतक्यात मला एक शंका आली आणि ती मी मनात ठेवली नाही. असल्याच काट्यावर आमच्या घरची वर्षभराची रद्दी कधी बारा किलोच्या वर गेलेली नाही. आमच्याकडे दोन वर्तमानपत्रं येतात, रविवारच्या पुरवण्यांसकट. काटा कमी दाखवत असेल, तर तो सव्वादोन म्हणतो तेव्हा खरी ओढ अडीच असणार, आणि माझी बेरिंगं जास्त आवळली जाणार. मी शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "मामा, काटा बरोबर आहे ना?"

गॅरेज शांत झालं. वेल्डिंगवाल्याने काच वर केली.

"लेकराच्या आणेनं," मामा म्हणाले. "पंचवीस वर्षं ह्याच काट्यावर धंदा केला."

तीच तर भीती होती. शेवटी पोऱ्याने शेजारच्या वाण्याकडून एक किलो साखरेचं बंद पाकीट आणलं. हुकाला पिशवी, पिशवीत पाकीट. काटा नऊशे ग्रॅमवर थांबला.

"पाकिटातच कमी आहे," मामांनी लगेच निकाल दिला.

हे ऐकून वाणी दुकान सोडून आला. येताना त्याने आपला इलेक्ट्रॉनिक काटा वायरसकट उचलून आणला, मिस्त्रींच्या ग्राइंडरचा प्लग काढून तिथे जोडला आणि पाकीट ठेवलं. एक किलो आणि वर काही ग्रॅम. मामा म्हणाले, "तुझा काटा तू सांगशील तेच बोलणार." वाणी म्हणाला, "आणि तुझा?" ग्राइंडर बंद पडल्यामुळे वेल्डिंगवालाही बाजूला येऊन उभा राहिला. त्या अर्ध्या तासाची मजुरी कुणाच्या हिशेबात गेली, हे मला विचारू नका.

तोडगा मिस्त्रींनीच काढला, आणि मला तो अजून आवडतो. "काटा किलोला शंभर ग्रॅम खातो ना? खाऊ दे. मग आपल्याला सव्वादोन पाहिजे तर ह्याच्यावर दोनच्या जरासं वर दिसलं पाहिजे." एक शिम परत घातली, टोपी आवळली, मामांनी ओढलं. दोन आणि केसभर.

"बघा," मामा विजयाने म्हणाले. "मी मगाशीच सांगितलं. दोनच धरा."

नाना पेठेतल्या होलोग्रामच्या लबाडीला असं कुठलं गणित लावणार? मामांचा काटा निदान दरवेळी तेवढंच खातो.

ह्या विजयाच्या भरात मामांनी जीपभोवती एक फेरी मारली, चासीवर टिचकी मारल्यासारखं बोटाने वाजवलं आणि विचारलं, "सायेब, ह्यात आतापर्यंत किती घातले?" मी आकडा सांगितला नाही. मिस्त्रींनी सांगितला. मामांनी डोळे मिटून हिशेब केला. गाडी हजार किलोच्या आतबाहेर, तीस रुपयाने तीस हजार. मग वजावट सुरू झाली: सीट वजा, काच वजा, रबर वजा. चासीवर मूठ आपटली, वेल्ह्याकडचा वाळलेला चिखल बदाबदा पडला. "माती वजा." तो चिखल मी मुद्दाम धुतला नव्हता. ऑफरोडवाल्यांना त्याचा अभिमान असतो, आणि इथे त्याचे माझ्याकडून पैसे कापले जात होते.

"पंचवीस हजार. आत्ता उचलतो. घोड्यांवरून बी उतरवत नाही."

वाणी म्हणाला, "रेट बरा आहे." वेल्डिंगवाल्याने मान हलवली. पोऱ्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. मिस्त्री, ज्यांचं अर्धं बिल अजून यायचं होतं, ते सुद्धा "विचार करायला हरकत नाही" असं काहीतरी पुटपुटले.

मला राग ह्याचा आला की मामांच्या बाजूला सरकारही उभं आहे. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीची नोंदणी पुढे चालवायची फी २०२२च्या एप्रिलपर्यंत ६०० रुपये होती, ती ५,००० झाली. २०२५मध्ये वीस वर्षांपुढच्यांना १०,००० केली. दर पाच वर्षांनी. वर पर्यावरण कर. पासिंगला ब्रेक तपासतात, ते रास्तच आहे. पण जुने ब्रेक नेले तर धरत नाहीत म्हणून परत पाठवणार, आणि नवे नेले तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच: कंपनीच्या मूळ तपशिलात फेरफार करायचा नाही. आरटीओच्या एजंटला विचारलं, मग धरणारे ब्रेक लावायचे कसे? तो म्हणाला, "साहेब, नवी गाडी घ्या ना." मामा निदान पंचवीस हजार द्यायला तयार होते.

संध्याकाळी ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढायचं काम झालं. सर्वांत लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. मी पेडलवर, मिस्त्री खाली. "मारा... मारा... धरा!" पारदर्शक नळीतून आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग धार. पेडल अर्ध्यात येऊन घट्ट उभं राहिलं. गल्लीत चालवून पाहिली. ब्रेक दाबला आणि गाडी सरळ रेषेत, जागच्या जागी थांबली. मागून येणारा स्कूटरवाला मात्र थांबला नाही. जुन्या जीपकडून त्याची ही अपेक्षाच नव्हती. त्याचं मडगार्ड वाकलं आणि नवा ब्रेकलाइट लावून घ्या असा सल्ला मला मिळाला.

परत आलो तर मामा जुने ड्रम, लायनर आणि गेलेली बेरिंगं हुकाला लावून उभे होते. काटा अठरावर.

"अठरा," मामा म्हणाले.

"वीस," मी म्हणालो. "किलोला शंभर ग्रॅम. दुपारी ठरलंय."

मामांनी काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तो हिशेब बेरिंगचा होता, सायेब. हा भंगाराचा आहे." मग जरा थांबून म्हणाले, "सतरा धरतो. तेल लागलंय."