खुलासा: प्रेशर हललं म्हणजे सील गेलंच असं नाही

यवतमाळ-वाशिमकडच्या फार्मसी लॅबच्या ग्रुपवर "एचपीएलसीचं प्रेशर वरखाली झालं की पंपाचं सील बदला" असा मेसेज फिरतोय. (एचपीएलसी म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र; पंप त्यातून द्रव दाबाने ढकलतो.) तो अर्धवट आहे. बहुतेकदा पंप हेडमध्ये (पंपाचा द्रव ढकलणारा भाग) हवेचा बुडबुडा अडकलेला असतो; मे महिन्यात, एसी बंद पडलेल्या खोलीत तर जास्तच. मोबाईल फेज (यंत्रातून वाहणारा द्रव) डीगॅस करा, म्हणजे त्यात विरघळलेली हवा काढा; मग पर्ज व्हॉल्व्ह उघडून जास्त फ्लोने पर्ज करा, म्हणजे अडकलेली हवा द्रवासोबत बाहेर काढा. प्रेशर स्थिरावलं, तर दोष हवेचा होता. नाहीच स्थिरावलं तर इनलेट फिल्टर आणि चेक व्हॉल्व्ह (द्रव एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) पाहा. आयसोप्रोपेनॉलमध्ये सोनिकेट केल्यावर (ध्वनिलहरींनी साफ केल्यावर) अडकलेला व्हॉल्व्ह बऱ्याचदा मोकळा होतो. सील खरंच गेलं असेल तर हेडमागे ओल किंवा बफरचे (मोबाईल फेजमधल्या क्षारांचे) पांढरे कण दिसतात. (आणि सील इकडे मागवायचं म्हणजे वाट पाहणं आलंच.) जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवला त्यांना हा पाठवा.