पंप आधी की ब्रेकर आधी?

नमस्कार दादा,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘स्विमिंग पूलचा आरसीसीबी (जाणारा आणि परत येणारा करंट जुळला नाही की वीज तोडणारा ब्रेकर) पडला की आधी पंप बघा, असं तुम्ही लेखात लिहिलंत. मी मोटार रिवाइंड करून आणली, पैसे गेले, आठ दिवसांत पाणी हिरवं झालं, आणि शेवटी ब्रेकरच गेलेला निघाला. आता वायरमन ३० मिलिअँपिअरचा काढून १०० चा टाकतो म्हणतोय.’

क्रम माझा चुकला, कबूल. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात पंपाचं सील गळून पाणी मोटारीत गेलेलं इतक्यांदा बघितलंय की हात आपसूक पंपाकडेच जातो. लेखात मी ती सवयच उतरवली.

ब्रेकर तपासायला पंप उतरवावाच लागत नाही. मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा आणि आरसीसीबीच्या आउटगोइंगच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी सोडवा. दोन्ही हं, नुसता फेज सोडवून भागत नाही. वायरींची टोकं टेपने झाका, मेन चालू करून दांडी वर करा. काहीच जोडलेलं नसताना पडला तर ब्रेकर बाद. टिकला तर टेस्ट बटण दाबा. तरी पडला नाही, तर तोही बाद. (बटण दाबून पडला म्हणजे अर्थिंगही चांगलं, असं मात्र नाही. ते बटण अर्थशिवायही चालतं.) ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर १५ पर्यंत पडू नये आणि ३० ला पडलाच पाहिजे. तो १५ च्या आधीच पडतोय का, हे बटणावरून कळत नाही, आरसीडी टेस्टरच (असा ब्रेकर किती करंटला पडतो ते मोजणारं यंत्र) लागतो. तो नसेल तर त्याच रेटिंगचा चांगला ब्रेकर लावून बघायचा.

१०० चा मात्र टाकू देऊ नका. तो आग लागू नये म्हणून असतो, माणसासाठी ३० चाच. ओल्या अंगाने पूलच्या कडेला उभ्या असलेल्या पोराला ९० मिलिअँपिअर लागले तरी १०० वाला न पडता बसून राहू शकतो.

नवा ३० चा बसवल्यावरही पडला, तर एकेक लाइन जोडत जा. इथे मी स्वतः एकदा फसलोय. जांबोटी रस्त्यावरच्या एका फार्महाउसवर पाण्यातल्या दिव्याचा एमसीबी (त्या एका लाइनचा छोटा ब्रेकर) बंद ठेवला होता, म्हणून तो दिवा मी हिशेबातच धरला नाही. पंप सुरू केला की आरसीसीबी खाली. दुपार गेली. एमसीबी सिंगल पोल होता, म्हणजे फेज तुटला, न्यूट्रल जोडलेलाच. ट्रान्सफॉर्मरच्या डब्यात मुंग्यांनी ओली माती भरली होती आणि तिच्यातून न्यूट्रल अर्थला टेकला होता. पंपाचा थोडा करंट तिकडून परतायचा, ब्रेकरचा हिशेब चुकायचा. तिथल्या मालकानेही आधी पंपालाच शिव्या घातल्या होत्या म्हणा.

आणि एक. तुम्ही टाकलेल्या फोटोत बोर्डाच्या बरोबर खाली क्लोरीनचा डबा दिसतोय, झाकण अर्धवट. टर्मिनलच्या स्क्रूंवर हिरवा थरही दिसतोय. जुना ब्रेकर बहुधा त्या वाफेनेच खाल्ला. नवा बसवायच्या आधी तो डबा दुसऱ्या खोलीत हलवा की.

लेखातला क्रम आज रात्री बदलतो.